आधी जमीन, मग भाषणं : अमेरिकेतल्या जुन्या शेतकरी-प्रतिनिधीचं चरित्र कसं उभं करावं

वॉशिंग्टन किंवा जेफरसन यांच्यावर लिहायचं तर कागदांची वानवा नाही. त्यांची पत्रं खंडच्या खंड छापून तयार आहेत. अडतं ते मागच्या बाकांवर बसलेल्या माणसांपाशी. ब्रिटिशांविरुद्धच्या क्रांतीनंतर अमेरिकेच्या विधिमंडळांत शेतकरी, विणकर, कारागीर निवडून येऊ लागले. त्यांनी कायदे केले, मोठमोठ्या वकिलांशी वाद घातले आणि अधिवेशन संपलं की पुन्हा शेतावर गेले. त्यांचं दप्तर कुणी जपलं नाही. त्यांचं आयुष्य सापडतं ते दुसऱ्यांच्या दप्तरांत: जमीन कार्यालयात, करवसुलीच्या याद्यांत, विरोधकाच्या टिपणवहीत.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीच्या कामात गेली. निवृत्तीनंतर लेकीकडे पश्चिम पेन्सिल्व्हेनियात राहायला आले आणि इथल्या वेस्टमोरलंड काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) जुने मोजणी-नकाशे पाहायची गोडी लागली. त्या नादात विल्यम फिंडली भेटले. पुढची सगळी पद्धत त्यांच्याच उदाहरणाने सांगते. अशा दुसऱ्या कुणावर तुम्हाला लिहायचं असेल तरी वाट हीच.

फिंडली यांची ठळक रेषा आधी घ्या. जन्म आयर्लंडच्या उत्तरेत, अल्स्टरमध्ये, १७४१ किंवा १७४२ चा. १७६३ मध्ये ते पेन्सिल्व्हेनियात आले. धंदा विणकामाचा आणि शेतीचा. क्रांतियुद्धात मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेत, कॅप्टनपदापर्यंत चढले. युद्ध संपता संपता ॲलेगेनीचे डोंगर ओलांडून आजच्या लॅट्रोबजवळ शेत केलं. मग राज्याचं विधिमंडळ, १७९१ ते १७९९ आणि पुन्हा १८०३ ते १८१७ अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, मधली चार वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये. मृत्यू १८२१ मध्ये.

माणूस तोच आहे ना?

कागद काढण्याआधी नाव पक्कं करा. जुने कारकून कानाला आलं तसं लिहीत. फिंडली, फिनली, फिंडले, तिन्ही रूपं एकाच माणसाची निघू शकतात. आणि याच काळात याच राज्यात विल्यम फिंडले नावाचे दुसरे पुढारी होते. ते १८१७ ते १८२० पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर होते आणि पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले. ते जन्मले १७६८ मध्ये, आजच्या फ्रँकलिन काउंटीत. आपले फिंडलीही पश्चिमेला जाण्याआधी त्याच भागात शेती करत होते. घोटाळा व्हायला एवढं पुरे. म्हणून प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा: साल कोणतं, टाउनशिप (काउंटीतला छोटा विभाग) कोणती, शेजारी कोण. तिन्हीची उत्तरं जुळल्याशिवाय नोंद आपल्या वहीत घेऊ नका.

दुसरी खातरजमा धंद्याची. त्या काळात 'शेतकरी' ही लेखणीने पांघरायची शालही होती. फिलाडेल्फियाचे धनवान वकील जॉन डिकिन्सन यांनी १७६७-६८ मध्ये ब्रिटिश करांविरुद्ध गाजलेली पत्रं 'पेन्सिल्व्हेनियातला एक शेतकरी' या नावाने लिहिली. तेव्हा कुणी स्वतःला शेतकरी म्हटलं म्हणून ते धरून चालू नका. किती एकर, किती घोडे, किती गुरं, हे करयादी सांगते.

जमिनीचे कागद

चरित्र इथून सुरू करा असं मी आग्रहाने सांगते. भाषणांपासून सुरुवात केली की माणूस हवेत उभा राहतो. त्याची जमीन कुठे होती, पाणी कुठलं होतं, बाजार किती लांब होता, हे माहीत झालं की त्याची मतं आपोआप उलगडायला लागतात.

पेन्सिल्व्हेनियात जमीन मिळवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी अर्ज. मग वॉरंट, म्हणजे मोजणीचा हुकूम. मग प्रत्यक्ष मोजणी. तिचा अहवाल मुख्य कार्यालयात दाखल होई आणि शेवटी पेटंट, म्हणजे मालकीची सनद मिळे. वॉरंट आणि सनद यांच्यात कितीतरी वर्षं जात. वॉरंट एकाच्या नावे, मोजणी दुसऱ्यासाठी आणि सनद तिसऱ्याला, असंही नेहमी दिसतं. म्हणून सनदेची तारीख ही माणूस शेतावर आल्याची तारीख समजू नका. सगळी साखळी लावा. हे कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. टाउनशिपवार जोडनकाशेही मिळतात, त्यात मूळ वॉरंटधारकाचं नाव तुकड्यावरच लिहिलेलं असतं.

या साखळीची पहिली कडी मात्र वॉरंटच्याही आधीची आहे आणि ती लिहिलीच पाहिजे. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहाने वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याने ही भूमी इरोक्वॉय या मूळ रहिवासी जमातींच्या संघाकडून घेतली. इथे वस्ती आणि शिकार करणाऱ्या लेनापे आणि शॉनी लोकांचा त्यात शब्द चालला नाही. ३ एप्रिल १७६९ ला या नव्या मुलखासाठी जमीन कार्यालय उघडलं, शंभर एकरांना ५ पौंड या दराने. १३ जुलै १७८२ ला वेस्टमोरलंडचं मुख्य ठाणं हॅनाज्टाउन जाळलं गेलं. हल्ला करणारे इरोक्वॉय संघातल्या सेनेका जमातीचे योद्धे आणि त्यांचे ब्रिटिश साथीदार होते. फिंडली यांचं बिऱ्हाड इकडे आलं ते याच सुमारास. जमिनीची ही पार्श्वभूमी गाळून 'कष्टाळू शेतकऱ्याने रान वसवलं' एवढंच लिहिलं तर चरित्र अर्धवट राहतं.

आता मोजणीचा कागद कसा वाचायचा ते. पातळ शाईतली वेडीवाकडी आकृती असते. कोपऱ्यांवर झाडांची नावं: पांढरा ओक, हिकरी, कुठे नुसता खुंटा, कुठे दगड. प्रत्येक रेषेवर दिशा आणि अंतर, आणि रेषेच्या बाहेर शेजाऱ्याचं नाव, बहुधा कागद फिरवून वाचावं लागेल असं. चतुःसीमा म्हणजे आपल्या ओळखीची गोष्ट आहे. फरक एवढाच की इथे बांधाऐवजी झाडाला खूण केलेली.

अंतर पर्चमध्ये असतं. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट, आपल्या ३३ फुटी साखळीच्या बरोबर निम्मा. त्यामुळे ३३ बाय ३३ फुटांच्या एका गुंठ्यात ४ चौरस पर्च बसतात आणि १६० चौरस पर्च म्हणजे ४० गुंठे, एक एकर. मराठी वाचकाला हे कोष्टक पाठ करावंच लागत नाही. समजा आकृती १६० पर्च लांब आणि १०० पर्च रुंद आहे. गुणाकार १६,०००, म्हणजे १०० एकर. पण कागदावर साधारण ९४ एकरच लिहिलेले दिसतील. मोजणीदार चुकला असं समजू नका. पेन्सिल्व्हेनियात रस्त्यांसाठी ६ टक्के सूट धरून क्षेत्र लिहीत. तुमचं आलेलं क्षेत्र १.०६ ने भागा, आकडा जुळेल.

ही आकृती आलेखकागदावर स्वतः काढा. दिशा होकायंत्राच्या आहेत आणि चुंबकीय उत्तर तेव्हापासून सरकली आहे, म्हणून आजच्या नकाशावर ठेवताना आकृती थोडी फिरवावी लागते. ओढा किंवा नदी कागदावर दाखवलेली असेल तर तिच्याशी जुळवा. आणि शेजाऱ्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. पुढे निवडणुकीत, अर्जांवरच्या सह्यांत, चर्चच्या नोंदींत तीच नावं भेटतात. लॅट्रोबच्या परिसरात लॉयलहॅना ओढा आणि पूर्वेला चेस्टनट रिजची लांबलचक रांग पाहिली की एक गोष्ट मनात ठसते: इथला गहू किंवा राय नावाचं धान्य घोड्याच्या पाठीवरून डोंगरापलीकडे फिलाडेल्फियाला नेणं परवडणारं नव्हतं. त्याची दारू गाळली तर तेच मोल थोड्या वजनात जाई. पुढे दारूवरच्या कराने हा मुलूख का पेटला याचं उत्तर इथे उभं राहूनच मिळतं.

करयाद्या, खानेसुमारी, खरेदीखतं

करयाद्यांत नावापुढे एकर, घोडे, गुरं आणि मेंढ्या असतात. एका वर्षाची यादी फारसं सांगत नाही; दोन-तीन वर्षांच्या ओळी एकाखाली एक लिहा. रकमा पौंड, शिलिंग, पेन्समध्ये असतात. पेन्सिल्व्हेनियाच्या चलनात एक स्पॅनिश डॉलर म्हणजे साडेसात शिलिंग, म्हणून १५ पौंडांचे ४० डॉलर होतात. ब्रिटनच्या स्टर्लिंगचा दर वेगळा होता, तो इथे लावू नका.

१७९० च्या पहिल्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे आकडे. त्यातला गुलामांचा रकाना न चुकता पाहा. पेन्सिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला आणि मालकांना नोंदणी सक्तीची केली. त्या नोंदवह्याही तपासा. जो प्रतिनिधी स्वातंत्र्यावर बोलतो, त्याच्या घरी कोण राबत होतं हे चरित्रकाराने पाहिलंच पाहिजे.

आणि त्याच्या पत्नीलाही शोधा. फिंडली यांचं लग्न १७६९ मध्ये मेरी कॉक्रन यांच्याशी झालं. नवरा महिनोन्‌महिने फिलाडेल्फियात असताना शेत कुणी चालवलं, हा प्रश्न मला पहिल्यापासून सतावतो. अधिवेशनांच्या तारखा एका रकान्यात आणि शेतीची कामं शेजारच्या रकान्यात मांडा. थंडी आणि वसंत ऋतू सभागृहात जात होते हे लगेच दिसेल. बायकांची नावं या कागदांत क्वचित येतात. हमखास जागा म्हणजे जमीन विकल्याच्या खताचं शेवटचं पान. तिथे न्यायाधीशाने पत्नीला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, विक्रीला तिची राजीखुशी आहे ना, असं विचारल्याची नोंद असते. या चार ओळी कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

सभागृहातलं मत

शेतकरी सभागृहात पोचला कसा, हे समजायला राज्याची १७७६ ची घटना वाचा. एकच सभागृह, दरवर्षी निवडणूक, आणि कर भरणाऱ्या एकवीस वर्षांवरच्या स्वतंत्र पुरुषाला मत. सभागृहाचे दरवाजे लोकांना उघडे. अधिवेशन चालू असताना कामकाज दर आठवड्याला छापायचं आणि दोन सदस्यांनी मागणी केली तरी कुणी कुठे मत दिलं ते नावानिशी नोंदवायचं. या शेवटच्या नियमामुळे आपलं काम सोपं होतं. भाषण न करणाऱ्या सदस्याचंही मत छापलेलं सापडतं. विषय, तारीख, मत आणि त्याच बाजूने मत देणारे शेजारच्या काउंटीचे सदस्य, अशी नोंद ठेवत गेलात की गट आपोआप दिसू लागतो.

तारखांच्या बाबतीत कडक राहा. दारूवरच्या अबकारी कराचा कायदा ३ मार्च १७९१ ला झाला. फिंडली यांची काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली, मुदत सुरू झाली ४ मार्चला. म्हणजे त्यांनी या कायद्याला पुढे विरोध केला असला, तरी त्याच्या विरोधात मत दिलं असं लिहिता येणार नाही.

खर्चाचंही पाहा. १७८९ पासून काँग्रेसच्या सदस्याला दिवसाला ६ डॉलर भत्ता आणि प्रवासाच्या दर २० मैलांना आणखी ६ डॉलर मिळत. घरची मिळकत नसलेल्या माणसाला सभागृहात टिकायला हा भत्ता किती मोलाचा होता, ते करयादीतले आकडे शेजारी ठेवले की कळतं.

भाषणांपैकी सुरुवात १७८६ च्या बँक-वादापासून करा. राज्याने बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेची सनद (कारभाराची परवानगी) रद्द केली होती आणि ती परत द्यावी म्हणून सभागृहात चर्चा झाली. समोर रॉबर्ट मॉरिस, देशातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक आणि बँकेचे कर्तेधर्ते. फिंडली यांचा मुद्दा आजही ताजा वाटतो: बँकेत ज्यांचे पैसे आहेत त्यांनी बँकेची बाजू जरूर मांडावी, पण आपण निःस्वार्थ न्यायाधीश आहोत असा आव आणू नये. हा वाद मॅथ्यू कॅरी यांनी लघुलिपीत टिपून छापला, म्हणून तो मिळतो.

छापील चर्चा कुणाच्या हातून आली?

आता सर्वांत महत्त्वाचं. १७८७ मध्ये साऱ्या अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर करायची की नाही, यासाठी फिलाडेल्फियात परिषद भरली. त्याआधीच, २८ सप्टेंबरला, परिषद घाईने बोलावली जाऊ नये म्हणून फिंडली आणि त्यांचे सोबती सभागृहात आलेच नाहीत. गणसंख्येला ४६ हवे होते, हजर होते ४४. दुसऱ्या दिवशी जमावाने दोन सदस्यांना राहत्या जागेवरून ओढत आणून सभागृहात बसवलं आणि ठराव करून घेतला. १२ डिसेंबरला परिषदेने ४६ विरुद्ध २३ मतांनी घटना मंजूर केली. विरोधकांचे मुख्य बोलणारे तिघे: फिंडली, रॉबर्ट व्हाइटहिल आणि जॉन स्माइली.

परिषदेच्या चर्चेचं पुस्तक थॉमस लॉइड या लघुलिपिकाराने १७८८ मध्ये काढलं. ते उघडा. त्यात भाषणं आहेत ती फक्त वकील जेम्स विल्सन आणि राज्याचे मुख्य न्यायाधीश थॉमस मकीन यांची, दोघेही घटनेच्या बाजूचे. फिंडली तोंड उघडतच नाहीत! एवढंच पुस्तक हाती धरून चरित्र लिहिलं तर शेतकरी मुके होते असं वाटेल.

म्हणून तीन रकान्यांची वही करा आणि तारीखवार भरा. पहिल्या रकान्यात लॉइड. दुसऱ्यात 'पेन्सिल्व्हेनिया हेराल्ड'मधली अलेक्झांडर डॅलस यांची वार्तांकनं. त्यांनी दोन्ही बाजू छापल्या आणि जानेवारी १७८८ मध्ये त्यांची नोकरी गेली, त्यामुळे ही मालिका मध्येच तुटते. तिसऱ्या रकान्यात खुद्द विल्सन यांची टिपणं. उत्तर द्यायचं म्हणून ते विरोधकाचा प्रत्येक मुद्दा लिहून घेत, आणि त्यामुळेच फिंडली यांचं बोलणं वाचलं. विस्कॉन्सिनमधून निघालेल्या घटना-मंजुरीच्या दस्तऐवजमालेचा दुसरा खंड पेन्सिल्व्हेनियाचा आहे. त्यात हे साहित्य एकत्र मिळतं.

या पद्धतीने एक प्रसंग उभा करून पाहा. फिंडली म्हणाले की स्वीडनमध्ये एकेकाळी ज्युरीची पद्धत होती आणि ती लोकांच्या हातून गेली. विल्सन आणि मकीन, दोघेही नाणावलेले कायदेपंडित, यांनी असं काही नव्हतंच म्हणून त्यांना खोडून काढलं. फिंडली नंतर सभागृहात पुस्तकं घेऊनच आले. एक जागतिक इतिहासाचा खंड आणि ब्लॅकस्टोन यांच्या इंग्लिश कायद्यावरच्या ग्रंथाचा तिसरा खंड, जो कुठल्याही वकिलाने वाचलेला असायलाच हवा. त्यांनी उतारा वाचून दाखवला. विल्सन यांना मान्य करावं लागलं, पण त्यांनी एका जुन्या वकिलाचं वचन ऐकवलं: तू शिकलास त्याहून जास्त कायदा मी विसरलोय. हातमागावर बसलेल्या माणसाने मुख्य न्यायाधीशाला पानासकट दाखवून दिलं, हा प्रसंग मला या सगळ्या चरित्रात सर्वांत प्रिय आहे. तो लिहिताना मात्र प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यातून आलं ते शेजारी नोंदवून ठेवा.

शत्रूंचे कागद

विरोधकांचं लिखाण टाळू नका. वेस्टमोरलंडमधूनच निवडून आलेले वकील ह्यू हेन्री ब्रॅकनरिज एका जेवणात लोकांना मूर्ख म्हणाले, हे फिंडली यांनी वर्तमानपत्रात छापलं, आणि १७८७ च्या परिषदेच्या निवडणुकीत ब्रॅकनरिज पडले. पुढे त्यांनी आपल्या कादंबरीत विधिमंडळात जायला निघालेला एक अडाणी विणकर रंगवला. हा पुरावा फिंडली यांच्या अडाणीपणाचा नाही. शिकलेल्या वर्गाला त्यांची किती सल होती, त्याचा आहे.

दारूवरच्या त्याच कराविरुद्ध उठलेल्या १७९४ च्या व्हिस्की-बंडाच्या वेळी तर दोन्ही बाजू मिळतात. ऑक्टोबरमध्ये फिंडली आणि डेव्हिड रेडिक, बंड मोडायला सैन्य घेऊन निघालेल्या राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना कार्लाइल गावी भेटले. सैन्य डोंगरापलीकडे आणू नका, लोक कायदा मानतील, अशी त्यांची विनंती होती. सैन्य थांबलं नाही. वॉशिंग्टन यांनी रोजनिशीत भेटीची सविस्तर नोंद केली आणि फिंडली यांनी १७९६ मध्ये बंडाचा इतिहास लिहून आपली हकीकत दिली. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा. रोजनिशी त्याच दिवसांतली आहे. पुस्तक दोन वर्षांनंतरचं, आणि त्यात आरोपांना उत्तर देण्याची निकड आहे.

त्यांचं स्वतःचं पत्र सर्वांत शेवटी

२७ फेब्रुवारी १८१२ ला, सत्तरीच्या घरात असताना, फिंडली यांनी न्यू हॅम्पशायरचे विल्यम प्लमर यांना आपल्या आयुष्याविषयी लांबलचक पत्र लिहिलं. प्लमर पुढाऱ्यांची चरित्रं जमवत होते. हे पत्र १८८१ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या इतिहासाच्या त्रैमासिकात छापून आलं आणि आज फुकट वाचता येतं. मोह असा होतो की आधी हेच वाचावं आणि त्याच्या मागे मागे जावं. तसं करू नका. जमिनीचे कागद, करयाद्या, मतं, तीन रकान्यांची वही, सगळं झाल्यावर ते उघडा. मग म्हातारपणी त्यांनी काय आठवणीत ठेवलं, कशावर भर दिला आणि काय गाळलं, हे तुम्हाला दिसेल.

पत्राची प्रत घेऊन समासात प्रत्येक वाक्यापुढे तुमच्या कागदाचा क्रमांक टाका. जिथे दुसरा कागद सापडत नाही तिथे चरित्रात 'फिंडली सांगतात' असं लिहा. जिथे पत्र आणि कागद भांडतात तिथे दोन्ही द्या, आणि तुम्हाला कोणतं खरं वाटतं ते कारणासकट सांगा.